वळताना गाडी वाजते: तुमच्या गाडीत शेवटी काय निघालं?

नमस्कार मंडळी,

सरळ रस्त्याला गाडी गप्प असते, पण स्टिअरिंग फिरवलं की वाजते. पुण्यातले खड्डे, स्पीडब्रेकर आणि खणलेले रस्ते बघता हे बहुतेकांच्या वाट्याला आलं असेल. तुमचा अनुभव लिहा. फक्त आवाज कसा होता, गाडी उभी होती की चालती, कुठल्या बाजूला वळताना यायचा आणि शेवटी काय निघालं, एवढं जरूर सांगा. "पुढून आवाज येतो" एवढंच मी सांगितलं आणि माझ्या गाडीचे दोन चांगले पार्ट उगाच बदलले गेले.

गाडी आठ वर्षांची पेट्रोल हॅचबॅक, ८२ हजार किलोमीटर झालेली. सोसायटीतून उजवीकडे वळून चढ घेताना कट-कट-कट असा आवाज यायचा. आधी लिंक रॉड बदलले, मग लोअर आर्मचे बुश. आवाज होता तिथेच. शेवटी धायरीतले एक मेकॅनिककाका माझ्या शेजारी येऊन बसले आणि म्हणाले, "चल, मोकळ्या मैदानात ने." स्टिअरिंग पूर्ण उजवीकडे, पहिला गिअर, गाडी गोल-गोल. ॲक्सिलरेटर दिला की कटकट वाढायची, पाय काढला की कमी व्हायची. डावीकडे फिरवलं तर आवाजच नाही.

मग चाक बाहेर वळवून त्यांनी आत टॉर्च मारला. चाक फिरवणाऱ्या दांड्यावरचा (ड्राइव्ह शाफ्ट) रबरी बूट, म्हणजे सांध्यावरचं आवरण, घडीवर फाटला होता आणि रिमच्या आतल्या अंगाला काळं ग्रीस उडून चिकटलं होतं. काकांनी ते माझ्या बोटावर दिलं. "चोळून बघ." वाळूसारखं खरखरत होतं. इंजिनची ताकद वळलेल्या चाकाला देणारा सीव्ही जॉइंट त्या ग्रीसवरच जगतो. बूट फाटला की ग्रीस बाहेर, धूळ-पाणी आत, आणि आतल्या गोळ्या आपल्या खाचा झिजवत बसतात. फाटलेला बूट वेळेत दिसला असता तर बूट आणि ग्रीसवर भागलं असतं. मला जॉइंटच बदलावा लागला.

आता बाबांच्या गाडीचं कोडं आहे. गाडी जागेवर उभी असताना स्टिअरिंग फिरवलं की पुढून 'टण्ण' होतं. चालताना काही नाही. कुणाला माहीत आहे का?

हडपसरहून

आमच्याकडे कटकट नव्हती, घुमणं होतं. सासवड रोडला वेग ६०च्या पुढे गेला की विमानासारखं हूंऽऽ. सगळे म्हणाले टायर. पुढचे टायर मागे टाकून पाहिले, आवाज पुढेच राहिला. मग दिवे घाटात एक गोष्ट लक्षात आली. डाव्या वळणावर आवाज वाढतो, उजव्या वळणावर जवळजवळ बंद होतो. डावीकडे वळताना गाडीचा भार उजव्या चाकांवर जातो, म्हणून उजवं पुढचं बेअरिंग तपासलं. जॅकवर चाक उचलून हाताने फिरवलं आणि दुसरा हात स्प्रिंगवर ठेवला, तर बारीक घरघर हाताला स्पष्ट लागत होती. बेअरिंग बदललं आणि आता गाडीत गाणी ऐकू येतात.

पिंपळे सौदागरहून

माझा अनुभव छोटा आहे. खणलेल्या रस्त्यावरून आले आणि वळताना कर्रर्र, पत्र्यावर पत्रा घासल्यासारखं. खूप घाबरले होते. ब्रेकची डिस्क आणि तिच्यामागचा पत्रा यांच्यात खडी अडकली होती. पाच मिनिटांचं काम, गॅरेजवाल्या दादांनी पैसेही घेतले नाहीत.

कोथरूडहून

माझी जुनी सेडान, हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगची. पार्किंगमध्ये स्टिअरिंग शेवटपर्यंत नेलं की पंप कण्हायचा. तेल मिनिममच्या खाली गेलं होतं. भरलं, आवाज थांबला, पंधरा दिवसांनी पुन्हा सुरू. गळती रॅकच्या (स्टिअरिंगची चाल चाकांना देणारा भाग) सीलमधून होती. तेल कमी झालं म्हणजे ते कुठेतरी जातंय. नुसतं भरत राहू नका. आणि स्टिअरिंग टोकाला नेऊन दाबून धरू नका, पंपावर सगळा दाब तेव्हाच येतो. इलेक्ट्रिक स्टिअरिंगच्या गाड्यांत हे तेल नसतं, त्यांनी दुसरीकडे शोधावं.

वारज्याहून

हे लिहिताना आजही हात थरथरतो. वळताना आणि स्पीडब्रेकरवर 'खडक' असा एकच आवाज यायचा. "सर्व्हिसिंगला बघू" म्हणत महिना काढला. एका रविवारी साताऱ्याहून आलो, मुलं मागे झोपली होती. खंबाटकीचा बोगदा, पुढचं एस वळण, सगळं पार केलं. सोसायटीत गाडी लावताना बॉल जॉइंट, म्हणजे चाकाला सस्पेन्शनच्या आर्मशी जोडणारा सांधा, निसटला आणि पुढचं चाक बाहेर कलंडलं. तेव्हा वेग चालत्या माणसाएवढा होता. हायवेवर काय झालं असतं याचा विचार करवत नाही. कटकट करणारा सीव्ही जॉइंट बहुतेकदा गॅरेजपर्यंत जाऊ देतो, बॉल जॉइंटचा भरवसा नाही. खडक आवाज आला तर त्याच दिवशी गाडी जॅकवर घ्या.

औंधहून

स्टिअरिंगच्या आतूनच सर्र-सर्र येत असेल, हॉर्न मधूनच बंद पडत असेल, तर चाकाकडे बघूच नका. माझ्या गाडीत क्लॉक स्प्रिंग, म्हणजे स्टिअरिंगमागची वायरची गुंडाळी, गेलं होतं, एअरबॅगचा दिवाही लागला होता. एअरबॅगची वायर तिथूनच जाते, त्यामुळे घरी उघडायचं काम नाही.

सिंहगड रोडहून, स्वतःचं गॅरेज आहे

दादा, बाबांच्या गाडीचं बॉनेट उघडा. एकाला स्टिअरिंग हळूहळू फिरवायला सांगा, तुम्ही शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या माउंटवर, म्हणजे तो बॉडीला जोडलेला असतो तिथे, तळवा ठेवा. वरचं बेअरिंग जाम असेल तर चाकाबरोबर स्प्रिंग फिरत नाही, पीळ खाते आणि मग एकदम सुटते. तोच टण्ण. बोटं स्प्रिंगच्या वेटोळ्यात घालू नका. आणि एका बाजूचं गेलं असेल तर दुसऱ्या बाजूचंही तपासून घ्या.

धागाकर्ता

दादा, आज सकाळी केलं. बाबा स्टिअरिंगवर, मी डाव्या माउंटवर हात ठेवून. अर्ध्या फेऱ्यापर्यंत काही नाही, मग तळव्याला खालून ठोसा बसल्यासारखं झालं आणि टण्ण! बाबांनाच हात ठेवायला लावला, तेव्हा त्यांना पटलं. उजवीकडे असं काही लागलं नाही. संध्याकाळी नाना पेठेतून माउंट आणि बेअरिंग आणतोय.