कटअवे रायफली म्हणजे 'मढी'? आधी एक हातात घ्या, मग बोला

लोखंडप्रेमी

परवा एका मॉझर रायफलीवरच्या चर्चेत 'अखंड ९८' यांनी जाता जाता पिंक टाकली: "कटअवे जमवणारे म्हणजे मढी जमवणारे. धडधाकट रायफल मशीनवर घालायची, तिला खिडक्या पाडायच्या, कडांना लाल रंग फासायचा आणि वर म्हणायचं, शैक्षणिक!" (कटअवे म्हणजे आतली यंत्रणा दिसावी म्हणून जागोजागी कापून उघडी केलेली रायफल.) खाली बऱ्याच जणांनी माना डोलावल्या. तिथे विषय वेगळा होता म्हणून गप्प बसलो, पण ते काही डोक्यातून जाईना, म्हणून हा धागा.

लष्करी कटअवे कोणी हौसेखातर कापलेलं नसतं. ब्रिटिशांचं 'स्केलेटन' घ्या, जर्मनांचं 'श्निटमोडेल' घ्या, ते वर्गात शिकवण्यासाठीच बनलं. खिडकी कुठे पाडायची हे ज्याने ठरवलं, त्याला रंगरूट नेमका कुठे अडखळतो ते पाठ होतं. मी जमवतो ती ही अक्कल. नुसत्या लोखंडाला मीही हिंग लावून विचारत नाही.

जी३ ही जर्मन रायफल घ्या. तिच्या चेंबरच्या (काडतूस बसतं त्या पोकळीच्या) भिंतीला लांबीच्या दिशेने बारीक खाचा असतात. गोळी उडाली की गॅस त्यांतून मागे शिरतो आणि काडतुसाच्या पितळी केसला (टरफलाला) बाहेरून उचलून धरतो, म्हणून ती चेंबरला चिकटत नाही. रोलर-डिलेड रचनेत (म्हणजे बोल्टला रोलर क्षणभरच रोखून धरतात तिथे) दाब पुरता उतरायच्या आतच बोल्ट, चेंबर मागून बंद करणारा पोलादी दांडा, मागे सरकायला लागतो. या खाचा नसत्या तर केस उपसताना फाटली असती. अखंड रायफलीत हे बघायचं तर चेंबरमध्ये टॉर्च मारा आणि डोळे बारीक करा, फार तर सावल्या दिसतील. चिरलेल्या चेंबरमध्ये त्याच खाचांवरून नख फिरवता येतं.

किंवा मोसिन-नागांत ही रशियन रायफल. तिच्या डाव्या अंगाला एक पोलादी पट्टी असते. बोल्ट पुढे जाऊन हँडल खाली पडेपर्यंत ती दुसऱ्या काडतुसाला वर येऊ देत नाही, म्हणून रिमवाली (बुडाशी कड बाहेर आलेली) काडतुसं एकमेकांत अडकत नाहीत. पुस्तकात हे वाचून मला ओ की ठो कळलं नव्हतं. खिडकीतून एकदा बघितलं आणि विषय संपला.

आता सांगा, मढं कोण?

अखंड ९८

वा, आमच्या नावाने धागाच. धन्य झालो.

तुम्ही सोयीस्कर उदाहरणं घेतलीत. बाजारात 'कटअवे' म्हणून फिरतं त्यातलं आर्सेनलने (लष्कराच्या शस्त्र कारखान्याने) बनवलेलं किती आणि काल कोणीतरी गॅरेजमध्ये ग्राइंडर फिरवून बनवलेलं किती? सगळे नंबर जुळणारी कार९८के, म्हणजे जर्मन मॉझर, कापलेली मी स्वतः पाहिली आहे. बोल्ट, रिसीव्हर (बोल्ट ज्यात सरकतो ते धड), फ्लोअरप्लेट, बारीकसारीक भागांवरसुद्धा एकच क्रमांक, आणि रिसीव्हर रिंगला हे एवढं भगदाड. युद्धातून वाचली आणि हौशी माणसाच्या हातून मेली. विकणारा अभिमानाने सांगत होता, "लग्ज कशा बसतात ते दिसतं." अहो, बोल्ट बाहेर काढला तरी लग्ज (त्याला जागी अडकवणारे खुंट) दिसतात! पुढे दोन आणि मागे एक सेफ्टी लग, त्यासाठी रिसीव्हर फोडावा लागतो?

तुमच्यासारखे कौतुक करतात म्हणून त्याला गिऱ्हाईक मिळतं. माझा आक्षेप एवढाच आहे, पण 'मढी' शब्द झोंबला की पुढचं वाचायचं राहून जातं.

फ्रेमबायफ्रेम

दोघांचंही चालू द्या, पण आज थ्रीडी अॅनिमेशनमध्ये हे सगळं फुकट दिसतं. हवा तो भाग पारदर्शक करा, वेग कमी करा, उलटं चालवा. लोखंड कशाला पाहिजे?

निवृत्त उस्ताद

अॅनिमेशनवाले भाऊ, त्यात रायफल कधी अडकत नाही. आमच्या वर्गात अडकायची आणि आम्हाला तेच शिकवायचं असायचं.

एसएलआरची (सेल्फ-लोडिंग रायफल) कापलेली रायफल होती आमच्याकडे. बोल्टची शेपटी खाली झुकून लॉकिंग शोल्डरवर (तिला अडवणाऱ्या पोलादी आधारावर) बसते. ही गोष्ट फळ्यावर काढून दाखवली तर पोरं "समझ गया उस्ताद" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी कोरी पाटी. मग मी रिकोइल स्प्रिंग काढून ठेवायचो आणि प्रत्येकाला कॅरियर (बोल्टला वाहून नेणारा भाग) बोटाने हळूहळू पुढे ढकलायला लावायचो. शेवटच्या टप्प्यात कॅरियर बोल्टच्या शेपटीला खाली दाबतो आणि बोटाला एक हलका खट जाणवतो. तो लागला की पोरगा मान वर करून हसायचा. त्यानंतर 'रोक आणि फौरी इलाज' (रायफल अडकली तर तातडीचा उपाय) शिकवायला वेळ लागत नसे, कारण बोल्ट पूर्ण बसला नाही म्हणजे आत काय राहिलं हे त्याला डोळ्यांसमोर दिसायचं.

गॅस रेग्युलेटरचंही तेच. जास्तीचा गॅस बाहेर सोडून द्यायचा आणि लागेल तेवढाच पिस्टनवर घ्यायचा, ही कल्पना कापलेल्या गॅस ब्लॉकशिवाय समजावून बघा. मी हरलो होतो.

गंजका खिळा

उस्तादांना सलाम. पण मूळ धाग्यात लाल रंगाचा उल्लेख आला म्हणून सांगतो, अस्सल-नक्कल तिथेच कळते. आर्सेनलचा रंग पातळ, एका थराचा आणि मॅट असतो. जाड, चकाकणारा, दोन-तीन थरांचा लाल दिसला की डोळे झाकून सोडून द्या. नवशिक्यांनी हे लिहून ठेवावं.

पार्सलवाला

रंगाचं कौतुक कसलं घेऊन बसलात? माझं एक रंगलेलं कटअवे सीमाशुल्कवाल्यांनी अडकवून ठेवलं. बॅरल टोकापासून टोकापर्यंत चिरलेली, आरपार उजेड दिसतो. अधिकारी म्हणे, "पण आकार रायफलीचा आहे." मी म्हटलं, साहेब, यातून फुंकर मारली तर तीसुद्धा पुढे जाणार नाही. त्यांनी फायलीत 'शस्त्र, अपूर्ण' असं लिहिलं. फाईल अजून फिरते आहे.

कुठे गेलात तरी तेच. अमेरिकेत खिडक्या पाडलेली स्वयंचलित रायफल कायद्याच्या नजरेत मशीनगनच राहू शकते. रिसीव्हर नष्ट झाला असं मानायला तिथे गॅसच्या कटिंग टॉर्चने ठराविक जागी असे काप हवेत की प्रत्येक ठिकाणचा किमान पाव इंच धातू उडून जाईल. करवतीचा काप चालत नाही. म्हणजे वर्गात शिकवण्यासाठी नीट कापलेली वस्तू 'जिवंत' आणि टॉर्चने जाळलेले तुकडे 'मेलेले'. युरोपची तऱ्हा उलटी. ८ एप्रिल २०१६ पासून तिथे निष्क्रिय शस्त्रांची सामायिक नियमावली लागू झाली, बोल्ट वेल्ड, ट्रिगर वेल्ड. जे हलताना बघायचं तेच जाम. अखंड ९८ साहेब, खरी मढी बघायचीत तर ती बघा.

अखंड ९८

पार्सलवाले, तुमचं दुःख खरं आहे, पण ते नियम आभाळातून पडले नाहीत. जानेवारी २०१५ च्या पॅरिस हल्ल्यात फक्त आवाज काढणारी म्हणून विकलेली शस्त्रं पुन्हा गोळी झाडणारी करून वापरली गेली. मग सरकार घाबरणार नाही तर काय करणार? याच्याशी कटअवेचा काय संबंध, हे मला अजून कळलेलं नाही.

पार्सलवाला

संबंध हाच की चिरलेल्या बॅरलमधून कोणी गोळी झाडू शकत नाही, हे शाळकरी पोरालाही कळतं. फक्त फाईलला कळत नाही.

निवृत्त उस्ताद

गंजका खिळा, तुमचं ते 'एक थर' प्रकरण मला पटलं नाही. रंग आम्हीच मारायचो. रोज शंभर बोटं लागायची, कडांचा रंग उडायचा. इन्स्पेक्शन जवळ आलं की आरमोरर (शस्त्रं दुरुस्त करणारा) डबा आणि ब्रश घेऊन बसायचा. जुना खरवडायला वेळ कुणाला? त्यावरच नवा. स्टोअरमध्ये लाल नसेल तर जो असेल तो. आमच्या एका मॅगझिनच्या (काडतुसांच्या पेटीच्या) खिडकीला आत लाल आणि वर पिवळा होता.

तुमच्या हिशोबाने आमचा पूर्ण वर्ग नक्कल.

गंजका खिळा

एका युनिटच्या अनुभवावरून नियम ठरत नाही, उस्ताद. मी आर्सेनलबद्दल बोलतोय, युनिटच्या रंगकामाबद्दल नाही. तुमच्या आरमोररने मूळ वस्तू बिघडवली असं फार तर म्हणता येईल.

निवृत्त उस्ताद

बिघडवली? ती काचेच्या कपाटात ठेवायला दिली नव्हती हो. तुम्ही तो रंग भिंगातून बघता, आम्ही तो नखांतून काढत होतो.

उगाच एक

रायफल राहिली बाजूला, रंगारी भांडतायत. मी बसलोय, येऊ द्या.

फ्रेमबायफ्रेम

उस्तादांचा बोटाला लागणारा खट अॅनिमेशनमध्ये येत नाही, हे मान्य. (घ्या, केलं मान्य.) पण रंगावरून अस्सलपणा ठरवणं मलाही हास्यास्पद वाटतं. हार्डवेअरच्या दुकानात लाल रंग मिळतो ना?

गंजका खिळा

सगळेच तज्ज्ञ झाले. मग ओळखायचं कशावरून, तेही सांगा.

लोखंडप्रेमी

सांगतो. रंग सोडा, खिडकीचे आतले कोपरे बघा. एंड मिलने (मिलिंग मशीनच्या गोल कटरने) कापलेल्या खिडकीचे कोपरे गोलसर असतात आणि चारही गोलाया सारख्या. हातातल्या ग्राइंडरने कापलं की सरळ रेघेला लाट येते आणि कोपऱ्यात चाक पुढे घसरल्याचा ओरखडा राहतो. मग कडेवरून अंगठा फिरवा. वर्गासाठी बनवलेल्याची धार बोथट केलेली असते, कारण ती रंगरुटांच्या हातात जायची होती. फोटोसाठी कापलेलं बोट कापतं.

अखंड ९८

मिलिंग मशीन काय फक्त आर्सेनललाच मिळतं? चांगला फिटर हे सगळं एका दुपारी करून देईल, धारसुद्धा बोथट करून देईल. बघा, तुमच्या कसोट्या तुम्ही इथे छापल्यात, पुढच्या महिन्यात नकली माल त्याच कसोट्यांना उतरेल.

लोखंडप्रेमी

म्हणून शेवटची कसोटी जागेची. नक्कल करणारा मॅगझिनला मोठ्ठी खिडकी पाडतो, कारण आतली काडतुसं फोटोत झकास दिसतात. बॅरल अर्धी सोलतो, तीही दिसायला छान. आणि सिअर (ट्रिगर ओढेपर्यंत हॅमरला अडवणारा तुकडा) हॅमरला कुठे धरतो, ती जागा जशीच्या तशी झाकलेली! शिकवणारा माणूस आधी तीच उघडेल. कापलेलं बघून "यातून काय शिकवायचं होतं?" याचं उत्तर मिळालं नाही तर मी घेत नाही, कागदपत्रं कितीही सोन्याची असोत.

आणि 'अखंड' या शब्दाची पूजा जरा आवरा. १९३६ साली अमेरिकन लष्कराने स्वीकारलेल्या एम१ गॅरंडच्या पहिल्या रायफली नळीच्या तोंडाशी गॅस पकडायच्या. पुढे बॅरललाच भोक पाडून गॅस घ्यायची रचना आली आणि लष्कराने जुन्यांतल्या बहुतेक बदलून टाकल्या. आज न बदललेली एखादी निघाली तर तुम्ही लोक तिच्यापुढे उदबत्ती लावाल. पण ज्यांनी ती बनवली त्यांनी हातोडी-छिन्नी घेताना डोळ्यांतून टिपूस काढलं नव्हतं.

अखंड ९८

बदललेली गॅरंड गोळी झाडत राहिली. हा फरक तुम्हाला दिसत नसेल तर तुमच्या खिडक्यांचा उपयोग काय?

लोखंडप्रेमी

आणि स्केलेटन शिकवत राहिली. काम बदललं.

उगाच एक

आता कसं, मूळ विषयावर आलात. मला वाटलं होतं रंगाच्या डब्यावरच संपेल.

अखंड ९८

ठीक. उस्तादांनी वापरली तशी, लष्कराने स्वतः कापलेली आणि वर्गात झिजलेली कटअवे मी मढ्यांतून वगळतो. मेहेरबानी समजा. त्यातलीही बरीचशी आधीच सेवेतून बाद झालेल्या किंवा तपासणीत नापास झालेल्या रायफलींपासून बनायची, म्हणजे तिथे चांगल्या रायफलीचा बळी गेला नाही, हेही खरं. पण गेल्या दहा-वीस वर्षांत हौसेने कापलेल्यांबद्दलचा शब्द मागे घेत नाही, आणि ती विकत घेणाऱ्यांबद्दलचा तर अजिबात नाही.

लोखंडप्रेमी

विकत घेणाऱ्यांबद्दल माझंही मत फार वेगळं नाही. ते तुम्ही दुसऱ्या वाक्यात लिहिलं असतंत तर हा धागा निघालाच नसता.

गंजका खिळा

उस्ताद, तो आत लाल आणि वर पिवळा असलेला मॅगझिनचा फोटो आहे का कुणाकडे? वाद घालायला नको, थर बघायचे आहेत.

निवृत्त उस्ताद

फोटो काढायची परवानगी कुठली हो तिथे. थर मात्र तीन होते. सगळ्यात खाली हिरवा. तो कुणी आणि का मारला, ते आमच्या आधीच्यांना विचारा.

गंजका खिळा

हिरवा???