‘हिणकस टीका’ म्हणजे हिणवणारी टीका का?

करवीरवासी: कुणाला कमी लेखलं की बातमीत ‘हिणकस टीका’ छापतात. हे चूक आहे. हिणकस हा सराफाचा शब्द, कसाला हीन उतरलेलं ते हिणकस. गुजरीत, म्हणजे कोल्हापूरच्या सराफ बाजारात, दागिना कसोटीच्या दगडावर घासतात, शेजारी ठाऊक टंचाच्या (शुद्धतेच्या) सोन्याची रेघ ओढतात आणि दोन्हींवर नायट्रिक ॲसिड लावतात. आधी फिकी पडते ती हिणकस. तेव्हा हिणकस टीका म्हणजे खालच्या दर्जाची टीका. त्यात कुणाचा अपमान असेलच असं नाही. त्यासाठी ‘हिणवणं’ आहे की.

उसाचा फड: शब्द फिरतात हो. ‘बेणं’ घ्या, म्हणजे लागणीसाठीचे उसाचे तुकडे. दहा-अकरा महिन्यांच्या निरोगी उसाचं बेणं, दोन डोळ्यांची टिपरी एकरी साधारण 10,000 लागतात. तेच बेणं माणसाला चिकटलं, ‘लई बेणं हाय’. कौतुक की शिवी, ते सुरावर. त्याला कुणी अडवत नाही, मग हिणकसलाच का? हीण आणि हिणवणं, दोन्ही ‘हीन’मधूनच आलेत.

कसोटी: मूळ एक असलं तरी हीण, म्हणजे सोन्यात मिसळलेला दुसरा धातू, वाईटच असतो असं नाही. 22 कॅरेट म्हणजे 91.6 टक्के सोनं, 10 ग्रॅममागं साधारण 0.84 ग्रॅम तांबं-चांदी. ते नसेल तर दागिना वाकतो, शुद्ध सोनं मऊ असतं. हिणवण्याचा असा कुणाला काडीचा उपयोग नाही.

करवीरवासी: फडवाले, वाक्य लावून बघा. हिणवायला माणूस लागतो, आणि बहुतेकदा ‘म्हणून’ लागतं: ‘तिला खेडवळ म्हणून हिणवलं.’ कुणी, कुणाला, काय म्हणून, सगळं उघड. ‘हिणकस टीका केली’ यात जिला लागलं तीच गायब. माझा राग त्यावर आहे.

उसाचा फड: आणि शिवी छापायचीच नसेल तर? ‘टोमणा’ लिहू?

करवीरवासी: टोमणा आडून मारतात, तोंडावर बोललेल्याला तो शब्द नको. ‘तिच्या बोलीची हेटाळणी केली’ लिहा. शिवी टळते, माणूस राहतो. एखाद्याच वाक्याला मात्र हेटाळणी जड होते, तिथं ‘हिणवणारा शेरा’.

उसाचा फड: टोमण्याचं पटलं, हिणकसचं नाही. ‘हिणकस बोलू नको’ म्हटलं की समोरच्याला त्यातून दर्जाचं काही नाही, अपमानच कळतो. सराफाचा अर्थ सराफकट्ट्यावर राहू दे, माझी हरकत नाही.