मदत हवी आहे: गाडीच्या वायरिंगचा अस्सल माल कसा पारखायचा?

जुन्या गाडीत दुसरं इंजिन बसवलंय, त्यामुळे तयार हार्नेस (गाडीच्या सगळ्या वायरांचा जोडलेला जुडगा) चालणार नाही; सगळं वायरिंग नव्याने करतोय. १२ व्होल्ट, रिले (छोट्या करंटने मोठा लोड चालू-बंद करणारा स्विच) आणि फ्यूजचा बॉक्स वेगळा, सर्वांत मोठा लोड रेडिएटर फॅनचा, साधारण २५ अँपिअर. सर्किट आणि वायरचे साइझ ठरलेत, वायरवर पिना दाबून बसवायचं क्रिंपिंग टूलही चांगलं आहे. घोडं अडलंय ते मालापाशी.

'शुद्ध तांबं' म्हणून घेतलेल्या वायरचं टोक ब्लेडने खरवडलं तर आतून चंदेरी! टिन केलेली वायर बाहेरून चंदेरी आणि आत तांबं. ही नेमकी उलटी, म्हणजे तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. तरी ५ अँपिअर सोडून व्होल्टेज ड्रॉप, म्हणजे वायरमध्येच किती व्होल्ट वाया जातात ते, मोजला. अडीच चौरस मिलिमीटरच्या १० मीटर तांब्याला ०.३५ व्होल्टच्या आसपास यायला हवा, इथे अर्ध्या व्होल्टच्या वर. वायरची परीक्षा त्यामुळे जमते.

रिले आणि वॉटरप्रूफ कनेक्टरचं मात्र काही कळत नाही. रिलेवर '४० अँपिअर' छापलेलं असतं, पण छापायला काय जातं? कनेक्टरचं लॉक अस्सलसारखं वाटतं, रबर सील मात्र वायरवर सैल बसतं.

अडचण अशी की मला प्रत्येक रंगाची थोडीच वायर हवीय, मोठे पुरवठादार अख्खं बंडल घ्या म्हणतात. भंगारातल्या गाड्यांचे कनेक्टर काढून नवीन पिना आणि सील टाकायचाही विचार आहे.

असं कोणी केलंय का, टिकतात का ते? आणि नवा रिले फॅनला जोडण्याआधी तुम्ही कसा तपासता?