सेशेल्सला आठवडाभर बोटीवर राहायचंय, पण आईला बोट लागते. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, यंदा बाबांची पंचाहत्तरी आहे म्हणून आम्ही चौघं (आई-बाबा, बायको, मी) सेशेल्सला जायचं म्हणतोय, आणि हॉटेलात नाही तर कॅटामरान (दोन सांगाडे जोडलेली शिडाची बोट) भाड्याने घेऊन, स्किपर आणि स्वयंपाकी सकट, सात रात्री. माहे या मुख्य बेटावरून निघायचं, मग प्रालँ, ला दीग ही बेटं, क्युरिअझ बेटावरची ती अवाढव्य कासवं, आणि परत. घाई शून्य, बाबांना फक्त डेकवर पाय पसरून बसायचंय.

अडचण आईची आहे. गेटवेहून मांडव्याला जातानाच तिची अशी अवस्था होते की परत येताना ती पेणवरून एसटीने येते, मग इथे सात दिवस कसं व्हायचं? शिवाय माझी रजा ऑगस्टमध्येच मिळतेय, तर बाबा म्हणतात श्रावणात एवढ्या लांब समुद्रात जाऊन मासे खायचे नाहीत तर जायचंच कशाला 😀 ते एक असो. ऑगस्ट चालेल की भांडून दिवाळीची रजा घेऊ? आणि रात्री झोप लागते का हो बोटीवर? कोणी म्हाताऱ्या माणसांना घेऊन गेलं असेल तर प्लीज सांगा.

प्रतिसाद:
भांडा. मे ते सप्टेंबर तिकडे आग्नेयेचा वारा असतो, शिडाला मस्त पण तुमच्या आईंना नाही. एप्रिल किंवा ऑक्टोबर-नोव्हेंबर, म्हणजे वारा दिशा बदलतो तेव्हा समुद्र त्यातल्या त्यात शांत. रात्री बोट आडोशाच्या खाडीत नांगर टाकून उभी असते, दोन सांगाड्यांची असल्याने डुलतेही कमी, झोपेची काळजी नको. खरा त्रास माहे ते प्रालँ, जवळपास 45 किमी उघडा समुद्र. आम्ही सासूबाईंना तेवढं अंतर विमानाने नेलं, पंधरा-वीस मिनिटांत प्रालँ, बोट स्किपरने मागून आणली. पुढची बेटं एकमेकांना खेटूनच आहेत. आणि प्रालँला व्हाले द मे हे ताडांचं जंगल चुकवू नका, आपल्याकडे फकिरांच्या हातात असतो ना तो दर्याई नारळ, त्याची झाडं तिथे उभी दिसतात. एकेक बी 20-25 किलोपर्यंतचं!

धागाकर्ता:
विमानाचं डोक्यातच आलं नव्हतं, थँक्यू! आईला लगेच सांगितलं. आता ती विचारतेय छोटं विमान म्हणजे नक्की केवढं?

प्रतिसाद:
आमचं 19 सीटचं होतं, पंख्याचं. त्यांना आत्ताच नका सांगू.