पुढच्या चाकातून आवाज येतोय… तुमच्या गाडीचं शेवटी काय निघालं?

जळगावकर

धुळ्याहून घरी येताना पारोळा मागे पडलं, रस्ता मोकळा मिळाला, गाडी सत्तरला गेली की पुढच्या डाव्या बाजूने 'घूंऽऽ' सुरू होतं. वेग कमी केला की सूर खाली येतो. गाणी लावली की ऐकू येत नाही, म्हणून दोन महिने गाणीच लावली. मग गॅरेज. "बेरिंग गेलं." डावं बेरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते, बदललं, मजुरीसकट ३,४०० रुपये. परत निघालो तर तोच 'घूं', त्याच सुरात. आता म्हणतात, उजवंही बदलून बघू. बघणार ते, पैसे माझे.

सल्ला नंतर द्या. आधी स्वतःचं सांगा : आवाज कसा होता, नेमका कधी यायचा, निघालं काय, आणि मधल्या मध्ये पैसे कशाकशावर गेले.

चाळीसगावहून

माझा 'कट कट कट'. सरळ रस्त्यावर गाडी एकदम गप्प. कन्नड घाट चढताना वळणावर स्टिअरिंग जास्त फिरलं आणि ॲक्सिलरेटर दाबला की चालू. टायरच्या खाचेत खडा असेल म्हणून पेचकस घेऊन एक अख्खी दुपार खडे काढत बसलो. पोरं हसत होती.

गॅरेजवाल्याने गाडी रिकाम्या मैदानात नेली, स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल गोल फिरवली, मग उलट्या बाजूने. एका बाजूला गप्प, दुसऱ्या बाजूला कट कट. मग मला चाकामागे डोकं घालायला लावलं. रिमच्या आतून काळं ग्रीस उडालेलं. ॲक्सलच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, बाहेरच्या जॉइंटवरचं रबरी आवरण, ज्याला बूट म्हणतात, ते फाटलं होतं. ग्रीस बाहेर, धूळ आत. तेव्हाच दिसलं असतं तर बूट आणि नवीन ग्रीसवर भागलं असतं. जॉइंटच बदलावा लागला. हल्ली सर्व्हिसिंगला गाडी वर उचलली की मी सगळ्यात आधी ते बूट बघतो, ऑईलबिईल नंतर.

केळीवाला, यावल

आमचं काय सांगू, मळ्यातून निघाली गाडी, हमरस्त्याला लागली की स्टिअरिंग थरथर आणि खालून भद भद. बॅलन्सिंग करायला गेलो. तिथल्या पोराने चाक काढलं आणि आतून काळ्या मातीचा वाळलेला गोळा काढून माझ्या हातात दिला. चाक बॅलन्स करणाऱ्या वजनाच्या कितीतरी पट! पैसे घेतले नाहीत, चहा पाजला. पावसाळ्यात आता रस्त्याला लागण्याआधी पाण्याच्या मोटारीच्या पाइपाने चाकं आतून धुतो.

साक्रीची लेक

नवापूरहून येत होते, शेजारी पप्पा. कोंडाईबारी घाटाच्या अलीकडे कर्रर्र असा आवाज, पत्र्यावर विळा घासावा तसा. गाडी बाजूला घेतली. दोन मिनिटांत चारजण जमले. एक म्हणे ब्रेकची डिस्क गेली, एक म्हणे टोइंग बोलवा, एकाने तर "बाई चालवतेय ना" एवढंच निदान केलं. पप्पा खाली उतरलेसुद्धा नाहीत. म्हणाले, "जरा मागे घे, मग पुढे घे." दोनदा केलं. टण्ण. हरभऱ्याएवढा खडा रस्त्यावर. डिस्क आणि तिच्या मागच्या पातळ पत्र्यामध्ये अडकला होता. खर्च शून्य. पप्पा अजून प्रत्येक लग्नात हा किस्सा सांगतात.

शिरपूर

माझं थोडक्यात, कारण आठवलं की अजून घाम फुटतो. रस्त्यात पंक्चर, घाईत स्टेपनी चढवली, पन्नासेक किलोमीटरनंतर हळू वेगात ठक… ठक… दुर्लक्ष केलं. टोल नाक्यावर उतरून बघितलं तर चारपैकी तीन नट बोटाने फिरत होते. चाक काढून बसवलं की थोडं चालवून नट परत आवळा. आणि आवळताना ओळीने नाही, समोरासमोरचे.

अमळनेरकर

बारीक खड्ड्यांवर खड खड, मोठ्या गतिरोधकावर काही नाही. एका ठिकाणी दोन्ही शॉकअप बदला म्हणाले, ९,००० सांगितले. आमच्या गल्लीच्या टोकाला एक म्हातारे मिस्त्री आहेत, ते बाजूला बसले आणि मला दगडी फरशीच्या बोळातून दहाच्या वेगाने चालवायला लावलं. "गाडी बोलस भाऊ, कान दीसन आयकानं." लिंक रॉड निघाला, शॉकअपजवळची छोटी जोडदांडी. त्याचा जोड सैल झाला की बारीक धक्क्यांवरच वाजतो. दोन्ही बाजूंचे मिळून दीड हजारात काम.

भुसावळ, निवृत्त

रेल्वेत आयुष्य गेलं. आमच्याकडे गाडी फलाटात शिरताना चाकांचा आवाज ऐकत उभं राहायचं आणि थांबली की ॲक्सल बॉक्स, म्हणजे चाकाच्या बेरिंगचा डबा, हाताने चाचपायचा, ही जुनी पद्धत. बेरिंग बिघडलं की ओरडतं, गरमही होतं.

जळगावकर, तुम्ही एक गोष्ट लिहिली नाही. साठ-सत्तरला मोकळ्या रस्त्यावर हलकेच उजवीकडे-डावीकडे वळवलं तर आवाज बदलतो का? उजवीकडे वळताना भार डाव्या चाकांवर जातो. डावं बेरिंग खराब असेल तर तेव्हा आवाज वाढतो, उलट वळलं की कमी होतो. कोणत्या बाजूने येतोय हे आत बसून कानाने ठरवू नका, पत्रा फसवतो. चाक उचलून वर-खाली हलवून बघा. आणि गाडी स्टँडवर नीट टेकवून चाक हाताने फिरवताना स्प्रिंगवर दुसरा हात ठेवा, गेलेल्या बेरिंगची खरखर तळव्याला कळते.

वळल्यावर काहीच फरक नसेल तर टायरवरून तळवा फिरवा, आधी पुढे, मग मागे. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीचे दात लागले तर पुढचे टायर मागे टाका. आवाजही मागे गेला तर दोष टायरचाच.

जळगावकर

काका, फरक नव्हता. वळा कुठेही, 'घूं' तसंच. आणि तळव्याला करवत लागली. चाकांचं अलाइनमेंट, म्हणजे ती सरळ लावून घेणं, शेवटचं कधी केलं ते मला आठवत नाही, बायकोला आठवतं : नवीन टायर टाकले तेव्हा. काल पुढचे मागे, मागचे पुढे केले आणि एरंडोलपर्यंत चक्कर मारली. आवाज आता मागच्या सीटवरून येतोय. मुलगा म्हणाला, "बाबा, आता मला त्रास."

जुनं बेरिंग गॅरेजमधून मागून आणलं. बोटाने फिरवलं, लोण्यासारखं फिरतं. टेबलावर विजेच्या बिलांवर ठेवलंय.

पाचोऱ्याहून

वाचून बरं वाटलं. माझी मात्र ब्रेक लावल्यावर 'चीं' करते, ब्रेक सोडला की गप्प.

भुसावळ, निवृत्त

ब्रेक पॅडची जाडी बघून घ्या. आजच.