शिकायला जायचं ठरलं, साहेबाला कधी सांगायचं?

हीट_नंबर

माझं मत आधीच टाकतो: फी भरल्याची पावती हातात येईपर्यंत कंपनीत कुणालाही काही सांगू नये. अपॉइंटमेंट लेटरमध्ये नोटिशीचा एक महिना लिहिलाय, तर एकच महिना. एक दिवस जास्त नाही.

कोल्हापूरजवळ शिरोलीत एका फाउंड्रीत, म्हणजे लोखंड ओतायच्या कारखान्यात, क्वालिटीला आहे, तीन वर्षं झाली. मार्चमध्ये गेटचा, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश परीक्षेचा, निकाल आला, स्कोअर बरा. आमचे मॅनेजर माणूस चांगला, परीक्षेला सुट्टी त्यांनीच दिलेली. म्हटलं यांच्यापासून काय लपवायचं? एप्रिलात टपरीवर चहा घेताना सांगून टाकलं, "सर, एम.टेक.ला नंबर लागला तर जुलैत जाईन." पाठ थोपटली त्यांनी. सोमवारी कस्टमर ऑडिटच्या यादीतून माझं नाव गायब. महिनाअखेरीला सगळ्यांना पगारवाढीची पत्रं मिळाली, मला नाही. विचारलं तर म्हणे, "तू तर चाललास की."

चाललोय कुठं? सीओएपीच्या, म्हणजे एम.टेक.च्या जागा वाटणाऱ्या पोर्टलच्या, फेऱ्या अजून सुरू आहेत, तिथं फ्रीझ म्हणजे पक्की केल्याशिवाय जागा माझी नाही. पुढची दोन वर्षं महिना १२,४०० च्या स्टायपेंडवर काढायची. त्याआधी चार पैसे बाजूला टाकायचे होते, तेही गेले.

गोकुळ_शिरगाव

बावीस वर्षं या लाईनीत काढली. आता माझ्या हाताखाली पोरं आहेत, म्हणून पलीकडच्या खुर्चीतून लिहितो.

राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३. मधले चार फूट कशाला ठेवलेत? जनावरं सोडायला, सामान माळ्यावर टाकायला. तुम्ही पोरं थेट ४३ ला येऊन सांगता.

आमच्याकडं स्पेक्ट्रोवर, धातूत काय किती आहे ते तपासायच्या यंत्रावर, एक पोरगा होता. बुधवारी राजीनामा, शनिवारी गेला, नोटिशीचे पैसे भरून. नियमानं काही चूक नाही. पण एसजी आयर्नला, म्हणजे गोल ग्राफाइटच्या बिडाला, मॅग्नेशियम दिलं की ओतायला मोजून मिनिटं मिळतात. उशीर झाला की मॅग्नेशियम उडतं, ग्राफाइट गोल बसत नाही, कास्टिंग भंगारात. कुठल्या लॅडलला, म्हणजे रस ओतायच्या भांड्याला, किती वेळ धरायचा, कुठला कोअर बॉक्स (आतल्या पोकळीचा साचा) तडकलाय आणि पट्टी मारून चालवलाय, सगळं त्याच्या वहीत. वही त्याच्याबरोबर गेली. पुढचा महिनाभर आम्ही रिजेक्शन मोजत बसलो. नोटीस म्हणजे तीस दिवस अंगठा लावणं नव्हे रे भावा, वही देणं.

हीट_नंबर

दादा, पुराचं लय भारी सांगितलंत. पण ३९ ला सामान हलवलं आणि पाणी उतरलं, तर घर आपलंच राहतं. इथं इशारा दिला की दुसऱ्या दिवशी घरात दुसरा भाडेकरू.

रुईकर_कॉलनी

तुम्ही दोघं गेट धरून बोलताय. परदेशी जाणाऱ्याला गप्प बसायची सोयच नसते. अर्जाला शिफारसपत्रं लागतात, नोकरीत असलं की त्यातलं एक बहुधा साहेबाचंच. म्हणजे कोर्स सुरू व्हायच्या कितीतरी महिने आधी ऑफिसला कळलेलं असतं.

माझी चूक पुढची. जर्मनीची ऑफर आली, व्हिसासाठी राहण्याचा खर्च आधीच अडकवून ठेवायच्या ब्लॉक अकाउंटला वर्षाचे ११,९०४ युरो भरले आणि खुशीत लेखी राजीनामा देऊन मोकळी झाले. व्हिसाची अपॉइंटमेंट काही मिळेना. ॲडमिशन पुढं ढकलावं लागलं. परत घेता का विचारायला गेले तर रिसेप्शनवर पाऊण तास बसवलं. रोज डबा एकत्र खायचो ती मुलगी समोर. पाण्याचा ग्लास आणून ठेवला तिनं, पण वर बघितलं नाही.

तोंडी सांगा हवं तर. लेखी मात्र पासपोर्टवर व्हिसा बसल्याशिवाय नाही.

पेठेतला

शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं, पोरं शिकावीत म्हणून. त्याच गावात पोरगं शिकायला चाललंय म्हणून पगारवाढ कापतात. कमाल आहे.

गोकुळ_शिरगाव

महाराजांना कशाला मधे आणता? भट्टीचं लाईटबिल आम्हाला येतं.

दसरा_चौक

एचआरमध्ये आहे, थोडक्यात सांगते. राजीनामा ईमेलवर, तारीख टाकून. टपरीवरचं बोलणं कुठंच धरत नाहीत, त्रास तेवढा होतो. ओरिजिनल मार्कशीट कंपनीनं ठेवून घेतली असेल तर आधी सोडवून आणा, प्रवेशाला तीच दाखवावी लागते. पूर्णवेळ एम.टेक.ला रिलीव्हिंग लेटर मागतात, त्यामुळं भांडून निघणं परवडत नाही. पाच वर्षं भरायला थोडेच दिवस राहिले असतील तर ग्रॅच्युइटीचा हिशेब बघा. गेटचा स्कोअर तीन वर्षं चालतो, लगेच पळायची गरज नसते.

आणि पगारवाढीबद्दल. ती झालेल्या वर्षाच्या कामाची असते, येणाऱ्या नव्हे. चाललाय म्हणून कापली असेल तर ती कंपनीचीच चूक, त्याला दुसरा शब्द नाही.

गोकुळ_शिरगाव

हे पटलं. वाढ त्याच्या कामाची होती, द्यायला हवी होती. मी दिली असती. बहुतेक. ऑडिटला मात्र मीही दुसराच पोरगा बसवला असता. त्यात निघालेल्या चुकांची उत्तरं पुढं कित्येक महिने द्यावी लागतात, तेव्हा समोर माणूस हवा.

पण हीट_नंबर, तुझ्या वहीचं काय केलंस ते सांगितलं नाहीस.

हीट_नंबर

ड्रॉवरमध्ये आहे. कुलूप लावून.

माझ्या जागी घेतलेला पोरगा परवा विचारत होता, चौदा नंबरच्या पॅटर्नला चिल कुठं बसवायचा. म्हटलं, साहेबांना विचार.