व्हायोलिन कॉन्चेर्टोत सगळं लिहिलेलंच असतं, मग वादकाचं त्यात काय?

केळीवाला, चोपडा
मी मांडी घालून व्हायोलिन वाजवतो, सा-प-सा-प लावून. भजनाला आणि गायकांना साथ करतो. रात्रीची लाइट असली की केळीला पाणी देताना कानात विसाव्या शतकातले कॉन्चेर्टो, म्हणजे एकटं व्हायोलिन आणि मोठा वाद्यवृंद यांच्या रचना, लावतो. ते मला फार धरून ठेवतात. पण आपल्याकडे वाजवणाराच राग वाढवत नेतो, तिकडे एकेक सूर कागदावर. मग रचनाकार अमुक वादकासाठी लिहितो म्हणजे नेमकं काय करतो? वादकाचा हात त्यात कुठे लागतो?

अमळनेरची ताई
दादा, रशियन रचनाकार शोस्ताकोविचचा पहिला व्हायोलिन कॉन्चेर्टो लावा. 1948 मध्ये लिहून झाला, पण त्याच वर्षी सोव्हिएत पक्षाने त्याच्या संगीतावर ठपका ठेवला आणि कागद बाजूला राहिले. 1955 मध्ये लेनिनग्राडला डेव्हिड ओइस्त्राखने तो पहिल्यांदा वाजवला. तिसऱ्या भागात खर्जातली एकच ओळ फिरत राहते, तबल्याच्या सोलोखालच्या लेहऱ्यासारखी, आणि वर व्हायोलिन बोलतं. मग लांबलचक कादेन्झा, म्हणजे वाद्यवृंद थांबून व्हायोलिनने एकट्याने वाजवायचा भाग, आणि न थांबता शेवटचा भाग. ओइस्त्राखने विनंती केली की शेवटच्या भागाची सुरुवात ऑर्केस्ट्राला द्या, मला कपाळाचा घाम तरी पुसू द्या. शोस्ताकोविचने ऐकलं. माझ्यासाठी वादकाचा हात इथे दिसतो. वाजवणाऱ्याच्या दमाचा विचार थेट रचनेत शिरला.

स्ट्राविन्स्कीचंही (1931) ऐका. पॅरिसला जेवताना त्याने एकदम वाजवायच्या तीन सुरांचा एक ताणलेला झंकार कागदावर लिहून व्हायोलिनवादक सॅम्युएल डुश्किनला विचारलं, वाजेल का? डुश्किन नाही म्हणाला. घरी जाऊन बोटं ठेवली तर सहज वाजला! चारही भाग त्याच झंकाराने सुरू होतात.

भुसावळ जंक्शन
ताईंचं पटलं, पण भाऊ, तुमचा प्रश्न मनाने वाजवण्याचा आहे, त्याला रचनाकार अल्बान बर्गच सांगतो. व्हायोलिनवादक लुई क्रॅस्नरने त्याच्याकडे कॉन्चेर्टो मागितला. बर्गने त्याला तासन्‌तास वाजवायला लावलं, कुठली रचना नाही, जे हाताला येईल ते. स्वतः नुसता ऐकत राहिला. एप्रिल 1935 मध्ये ओळखीच्या घरातली मानोन ही अठरा वर्षांची मुलगी पोलिओने गेली, आणि हातातला ऑपेरा सोडून त्याने त्याच उन्हाळ्यात हा कॉन्चेर्टो तिच्या स्मृतीला वाहिला. डिसेंबरात तो स्वतःच गेला, त्यामुळे प्रत्यक्ष वाजलेला त्याने कधी ऐकला नाही. 1936 मध्ये बार्सिलोनात क्रॅस्नरने वाजवला. सुरुवातीला व्हायोलिन फक्त चार मोकळ्या तारांवरून चढतं-उतरतं. एकदा तारा त्यांच्या पद्धतीने लावून तेवढंच वाजवून बघा, प्रत्येक तार खालच्या तारेचा पंचम.

प्रत्यक्ष ऐकायचं असेल तर मुंबईच गाठावी लागेल. तिथल्या एनसीपीए या कलाकेंद्राचा वाद्यवृंद सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया 2006 पासून आहे. कार्यक्रमपत्रिका आधी बघा, आधुनिक कृती कमी लागतात.

केळीवाला, चोपडा
दोघांचे आभार. ताई, ती कादेन्झा तरी ओइस्त्राखने मनाने वाजवली का?

अमळनेरची ताई
नाही, तीही शोस्ताकोविचनेच पूर्ण लिहिली. तुम्हाला हवं ते जरा मागे सापडेल. 1879 मध्ये पहिल्यांदा वाजलेल्या ब्राम्सच्या कॉन्चेर्टोत कादेन्झेची जागा मोकळी आहे. व्हायोलिनवादक योआखिमने ती स्वतः भरली, आणि आजही बहुतेक जण तीच वाजवतात.